फोटोपुरतं हसरं तोंड

ऑक्टोबर संपत आला होता, तरी मरोळची सकाळ अंगाला चिकटत होती. सव्वासहा वाजले होते. आभाळ पांढुरकं, शेजारच्या नव्या टॉवरची धूळ हवेत तशीच टांगलेली, आणि गल्लीतल्या बदामाचं पान म्हणून हलत नव्हतं. प्रेमा घाडीगावकरने लॅबचं शटर वर ढकललं, चपला काढून आतल्या रबरी सपाता घातल्या आणि आधी फ्रीजपाशी गेली. तिन्ही फ्रीजची तापमानं वहीत लिहिली. मग टेबलं औषधाच्या पाण्याने पुसली, ट्यूबचे रॅक उलटे करून झटकले.

पुसापुशी हे आता तिचं काम नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिला सकाळच्या शिफ्टची इनचार्ज केलं, तेव्हाच तिच्या हातातलं फडकं सुटायला हवं होतं. पण फडकं दिसलं की तिचा हात आपोआप जायचा.

पावणेसातला पिशव्या यायला लागल्या. अंधेरीपासून चेंबूरपर्यंत पंचवीसेक ठिकाणी लोकांच्या दंडातून काढलेलं रक्त थंड पिशव्यांतून इथे येतं. मढची पिशवी आधी बोटीने खाडी ओलांडून वर्सोव्याला येते, तिथून स्कूटरवर. ती कायम उशिरा. खिडकीशी पिशवी घ्यायची, उघडायची, प्रत्येक ट्यूबवर त्या त्या माणसाच्या नावाचं बारकोडचं स्टिकर लावायचं आणि आत मशीनकडे पाठवायची, हे रिसीव्हिंगचं काम. त्याला दोन खुर्च्या. त्यातली एक सप्टेंबरपासून रिकामी होती. निधी नावाची मुलगी दुसऱ्या लॅबमध्ये गेली आणि तिच्या जागी कोणी आलं नाही. दुसऱ्या खुर्चीवर प्रियंका हिवराळे एकटीच दोघींचं काम ओढत होती.

सगळी माणसं खिडकीकडे गेली तशी प्रेमा भिंतीवरच्या बोर्डापुढे उभी राहिली. मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. प्रियंकाच्या नावापुढचं लाल रडकं तोंड तिने नखाने उचकटलं, त्या जागी हिरवं हसरं चिकटवलं, मोबाईलवर बोर्डाचा फोटो काढला, आणि हिरवं काढून लाल पुन्हा होतं तिथे लावलं. हे सगळं करायला तिला आता दहा सेकंदही लागत नव्हते. फोटो हेड ऑफिसच्या ग्रुपवर गेला. चौदा नावं, चौदा हिरवी तोंडं.

प्रियंकाचं तोंड लाल असण्याचा तो अकरावा दिवस होता.

बोर्ड आला मे महिन्यात. हेड ऑफिसहून अक्षता मॅडम आल्या होत्या, माणसांच्या खात्याच्या. वय असेल तिशीचं, बोलायला गोड. त्यांनी सगळ्यांना तीन-तीन लोहचुंबकाची तोंडं वाटली: हिरवं हसरं, पिवळं सपाट, लाल रडकं. कामावर आलं की आपल्याला आज जसं वाटतंय ते तोंड आपल्या नावापुढे लावायचं. इनचार्जने सातच्या आत फोटो पाठवायचा. "कोणाचं सलग तीन दिवस लाल आलं तर आम्ही स्वतः फोन करणार," असं मॅडम म्हणाल्या. "मनातलं मनात ठेवू नका. आम्ही बघतोय."

मशीनवरचा रतन, लॅबमधला जुना माणूस, म्हणाला, "मॅडम, ताईंचं नाव कुठे दिसत नाही ते? इनचार्जला तोंड नसतं काय?" सगळे हसले. प्रेमाही हसली.

जूनमध्ये एक मशीन बंद पडलं, दोन दिवस माणसं चार-चार तास जास्त थांबली आणि बोर्डावर पाच लाल लागले. प्रेमाने जसा होता तसा फोटो पाठवला. दुपारी सेंटर मॅनेजर देवेशने तिला केबिनमध्ये बोलावलं. देवेश बोरिवलीचा, पस्तिशीचा. वाईट माणूस म्हणता येणार नाही. कोणाच्या घरी मयत झालं तर स्वतः फोन करायचा. पण हेड ऑफिसचा फोन आला की त्याच्या कपाळावर घाम यायचा.

"प्रेमाताई, मुलुंडचा बोर्ड बघा. हिरवागार. घाटकोपरचा बघा. आपल्याकडेच लोक रडतात काय?"

"सर, मशीन बंद होतं ना दोन दिवस."

"मशीन सगळ्यांची बंद पडतात. आता मला फॉर्म भरायचा, त्याचं कारण द्यायचं, मग वरून माणूस येणार. तुम्ही अनुभवी आहात. मॅनेज करा ना यार."

दुसऱ्या दिवशी प्रेमाने सगळ्यांना सांगून पाहिलं. "जरा हसरं लावा रे, माझ्या डोक्याला ताप नको."

"पगार वाढवा ताई, बत्तीस दात दाखवतो," रतन म्हणाला.

त्या दिवशी दोन लाल होते. प्रेमाने पहिल्यांदा हात घातला. छातीत धडधडलं. फोटो काढून झाल्यावर तिने लाल परत जागेवर लावले. लोकांना कशाला वाईट वाटायला हवं, असं तिने मनाशी म्हटलं. आठवडाभरात धडधड गेली. महिन्याभरात बोर्ड बदलणं हे फ्रीजचं तापमान लिहिण्यासारखं झालं.

प्रेमा लबाड बाई नव्हती, आणि हीच तर गोची होती. तिचा बाप लालबागला गिरणीत, गाव मालवणकडचं. गिरणी गेली तशी ही माणसं घाटकोपरच्या भटवाडीत आली. दहावीनंतर शिक्षण सुटलं. लग्नानंतर अंधेरीच्या एका डॉक्टरबाईंच्या छोट्या लॅबमध्ये ती काचेच्या बाटल्या धुवायला लागली. तेव्हा ती पंचवीसची होती, आता एक्कावन्नची. डॉक्टरबाईंनी तिला धुता धुता शिकवलं. नुसती ट्यूब उजेडात धरून रक्त खराब झालंय की नाही ते ती सांगायची, आणि मशीन नंतर तेच सांगायचं. बाईंचा एकच नियम होता. काही सांडलं, फुटलं, चुकलं, तर लगेच सांगायचं. सांगणाऱ्याला त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा एकाने फुटलेली ट्यूब लपवली, त्याला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं. पुढे बाई थकल्या, लॅब या मोठ्या कंपनीने घेतली, आणि सामानासोबत प्रेमाही आली. डिग्रीवाली मुलं हाताखाली असताना बाटल्या धुणारी बाई इनचार्ज झाली, याचा तिला अभिमान होता आणि रोजची भीतीही. कधी कोण म्हणेल, या बाईला काय कळतं, उठवा.

नव्या माणसांना ती बाईंचा नियम सांगायची. प्रियंकालाही तिनेच सांगितला होता.

प्रियंका चोवीसची. माणसं मूळ जालन्याकडची, राहायला असल्फ्याच्या डोंगरावर. लॅबचा डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी आली. प्रेमा घाटकोपरला मेट्रोत बसायची, पुढे असल्फ्याला प्रियंका चढायची आणि प्रेमाने धरून ठेवलेल्या जागेवर येऊन बसायची. मरोळ येईपर्यंत दोघींचं बोलणं. प्रियंकाच्या आईच्या हातचा ठेचा प्रेमाच्या नवऱ्याला एवढा आवडायचा की घाडीगावकरांचा स्टीलचा छोटा डबा या दोन घरांत फिरतच असायचा.

ऑक्टोबरमध्ये प्रियंकाचं बोलणं कमी झालं. डबा उघडायला तिला दुपारचे साडेतीन वाजायचे. एकदा ती स्टिकरचं बंडल हातात धरून नुसतीच उभी होती. प्रेमाने विचारलं तर म्हणाली, "ताई, आता कुठली पिशवी चालली होती तेच डोक्यातून गेलं." मग म्हणाली, "मला दुसरं माणूस द्या ना. खरंच होत नाही."

"बघते," प्रेमा म्हणाली.

तिने बघितलं नाही. माणूस मागायचं तर देवेशकडे जायचं, देवेशने वर लिहायचं, वरून विचारणार, की बोर्ड तर हिरवा आहे, मग माणूस कशाला. आपल्याच हाताने आपण ते दार लावून घेतलंय हे प्रेमाला कळत होतं. म्हणून ती त्या दाराकडे जातच नव्हती.

लाल लागायला लागल्याच्या पाचव्या दिवशी मेट्रोत प्रियंका म्हणाली, "ताई, मॅडम म्हणाल्या होत्या ना, तीन दिवस लाल आलं की फोन करतात. मला कसा नाही आला अजून?"

प्रेमा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बिझी असतील गं. येईल."

"मी फोन सायलेंट पण नाही ठेवत आता."

"येईल," प्रेमा पुन्हा म्हणाली.

तर तो अकरावा दिवस. भरती-ओहोटीच्या काहीतरी भानगडीने मढची बोट थांबली आणि पिशवी दीड तास उशिरा, चेंबूरच्या दोन पिशव्यांसोबत एकदमच आली. खिडकीशी पिशव्या घेऊन आलेली पोरं ओरडत होती, आत मशीन रिकामं फिरत होतं, देवेश केबिनमधून काचेवर बोट वाजवत होता. प्रियंका एका हाताने ट्यूब काढत होती, एका हाताने स्टिकर लावत होती. त्या घाईत दोन माणसांची स्टिकरं एकमेकांच्या ट्यूबवर गेली.

मढच्या एका सत्तरीच्या आजींना संध्याकाळी फोन गेला की पोटॅशियम फार वाढलंय, हृदयाला धोका आहे, ताबडतोब दवाखान्यात न्या. घरच्यांनी रडत-पडत नेलं. रात्रभर छातीला वायरी लावून ठेवलं. सकाळी पुन्हा रक्त काढलं तर आजी ठणठणीत. ज्याचा तो रिपोर्ट होता तो माणूस लगेच शोधून काढला, त्यालाही वेळेत उपचार मिळाले. म्हणजे कोणाला काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं, आणि आजींच्या मुलाने लेखी तक्रार केली.

रिसीव्हिंगला बसणारं माणूस एकच होतं, तरी चूक रक्त काढणाऱ्याची की चिकटवणाऱ्याची हे ठरवायला वेळ लागला असता. प्रियंकाने तो वेळ लागू दिला नाही. तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच ती प्रेमापाशी आली. डोळे सुजलेले.

"ताई, ती पिशवी मी लावली. माझाच घोळ झालाय. लिहून देते."

प्रेमाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आपल्यालाच जड लागला, असं ती पुढे नवऱ्याला म्हणाली.

शुक्रवारी अक्षता मॅडम आल्या. देवेशच्या केबिनमध्ये चौघं बसले: देवेश, मॅडम, प्रियंका आणि प्रेमा. एसी चालू होता. मॅडमनी लॅपटॉप उघडून प्रियंकाकडे वळवला.

"प्रियंका, तू चूक स्वतःहून सांगितलीस, ते चांगलं केलंस. आम्ही तुझ्या बाजूनेही विचार केला. कामाचा ताण असेल, तब्येत बरी नसेल. पण तसं असतं तर बोर्डवर दिसलं असतं ना. हे बघ, मागचे अकरा दिवस. रोज हिरवं."

प्रियंकाने वाकून बघितलं. एक फोटो, दुसरा, तिसरा.

"मॅडम, हे माझं नाही."

"नाव तर तुझंच आहे."

"नाव माझं आहे. पण मी लाल लावत होते. रोज लावत होते."

"अगं, फोटो समोर आहे," देवेश म्हणाला. "फोटो कसा खोटं बोलेल?"

प्रियंका वळली. "ताई, तुम्ही सांगा ना. तुम्ही बघत होता ना रोज."

प्रेमाच्या घशाशी शब्द आले होते. दोनच शब्द होते, "मी बदललं". देवेश तिच्याकडे बघत नव्हता, टेबलावरची पेनं सरळ करत होता. प्रेमाला आपली खुर्ची दिसली, बाटल्यांचं सिंक दिसलं, सव्वीस वर्षं दिसली.

"मी काय, फोटो काढते फक्त," ती म्हणाली. "कोण काय लावतं ते एवढं लक्षात नाही राहत."

प्रियंका तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर प्रेमाला सोपं गेलं असतं. राग नव्हता. ताई विसरल्यात, आत्ता आठवेल त्यांना, म्हणून पोरगी थांबली होती.

ताईंना आठवलं नाही. प्रियंकाला तिथल्या तिथे पत्र मिळालं. काम बंद. सोमवारी अकरा वाजता येऊन खुलासा द्यायचा. खुलासा पटला नाही तर निष्काळजीपणा आणि वर खोटं बोलल्याबद्दल काढून टाकणार. लॅबच्या कामातून असा शेरा घेऊन निघालेल्या पोरीला मुंबईत दुसरी लॅब उभी करत नाही. हे त्या खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं.

घरी राजारामने ताटं घेतली होती. तो एका सोसायटीत लिफ्ट आणि पंपाचं बघतो, संध्याकाळी लवकर घरी येतो आणि मासे तोच करतो.

"जेवक बस. बांगडो निवलो."

"माका भूक नाय."

"कित्याक? काय झाला?"

प्रेमा मोरीपाशी बसली आणि भांडी घासायला लागली. जेवणाआधीच. पाठमोरी राहूनच तिने सगळं सांगितलं. जून महिन्यापासून केबिनमधल्या त्या वाक्यापर्यंत.

राजारामने आधी हात झटकला. "अगो, सगळीच करतत. त्या मुलुंडवाल्यांचो बोर्ड काय देव हिरवो करता?"

प्रेमा तवा घासत राहिली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ठेचो धाडता ताच ना चेडू?"

"ताच."

राजाराम उठला. आपलं ताट उचललं, झाकून ठेवलं आणि बाहेर कठड्याशी जाऊन उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तो बांगडा टाकून उठला नव्हता.

शनिवारी प्रेमा कामावर गेली. शेजारची जागा मेट्रोत रिकामी राहिली. असल्फ्याला दार उघडलं तेव्हा तिने मान खाली घातली, जसं काही प्रियंका चढणारच होती. लॅबमध्ये प्रियंकाच्या खुर्चीवर रतनला बसवलं होतं. बोर्डावर तिच्या नावापुढे ते लाल तोंड अजून होतं. प्रेमाने त्या दिवशी काही बदललं नाही, फोटोही पाठवला नाही. ग्रुपवर मॅडमचा प्रश्न आला, तिने उत्तर दिलं नाही. पण एवढ्याने काय होणार होतं. न बोलण्याची सवय तिला होतीच, हे त्यातलंच आणखी एक न बोलणं.

रविवारी दुपारी ती असल्फ्याचा डोंगर चढली. गुडघे दुखत होते. वाटेत दोन बायकांनी पत्ता सांगितला, "हिवराळे ना? मोटरवाले? वर पिंपळापाशी." प्रियंकाचे वडील धम्मपाल पंख्यांच्या आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचे. दारात बसून ते तांब्याची तार गुंडाळत होते. प्रेमाला ओळखल्यावर घाईने आत जाऊन सदरा घालून आले.

"जय भीम ताई, या. बसा, खुर्चीवर बसा. अगं, प्रियंकाच्या ताई आल्यात, चहा ठेव."

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली प्रियंकाचा डिप्लोमा चौकटीत. प्रेमा खुर्चीच्या कडेवर टेकली. धम्मपाल समोर पाटावर बसले आणि तिने तोंड उघडायच्या आत हात जोडले.

"ताई, लेकराच्या हातून चूक झाली. म्हाताऱ्या बाईला त्रास झाला. मी परवा मढला जाऊन आलो, माफी मागून आलो. चांगली माणसं हायेत, पाणी दिलं मला. चूक झाली की सांगायची, हे तुम्हीच शिकवलं म्हणते ती. आमच्या घरात पण तेच शिकवलं."

"दादा, ऐका ना..."

"एकच गोष्ट कळंना. ती म्हणते लाल लावत होते, अन् फोटोत हिरवं. आमचं लेकरू खोटं बोलत नाही ताई. मग तिच्या डोक्याला तर काही झालं नाही ना? दोन दिवस झोपली नाही ती. मी म्हणतो, दवाखान्यात दाखवू. तुम्हाला काय वाटतं?"

आतल्या पडद्यातून प्रियंका पाण्याचा तांब्या घेऊन आली. केस विंचरलेले नव्हते. तिने प्रेमाला पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, अगदी हळू.

"ताई, मी खरंच हिरवं लावत होते का?"

प्रेमाने पाणी न पिताच खाली ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "लाल लावत होतीस. मी बदलत होते."

धम्मपालांनी मान वर केली.

"रोज?" प्रियंकाने विचारलं.

"रोज. तुझं, आणि आधी दुसऱ्यांचंही. फोटोपुरतं. फोटो झाला की पुन्हा लाल लावून ठेवायचे."

"पुन्हा का लावायचात?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

हे वाक्य मनात इतके महिने धड वाटायचं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते किती घाण आहे ते प्रेमाला पहिल्यांदा ऐकू आलं.

प्रियंका पडद्याला धरून उभी राहिली. "मेट्रोत मी विचारलं होतं तुम्हाला. फोन का येत नाही म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात, येईल."

"हो."

"मला वाटायचं, वर कोणीतरी बघतंय. आज नाही तर उद्या विचारतील. त्यावरच मी अकरा दिवस काढले."

आईने चहा आणून ठेवला. कप बशीत नीट मांडला. पाहुण्याला देतात तसा. धम्मपाल जमिनीकडे बघत म्हणाले, "चहा घ्या. निवतो." त्यात "ताई" नव्हतं. प्रेमाने कप उचलला आणि परत ठेवला.

"प्रियंका, मी चुकले. मला..."

"मला कशाला सांगता?" प्रियंका म्हणाली. "तिकडे सांगा. उद्या अकराला बोलावलंय."

प्रेमा उठली. ती दारात चपला शोधत असताना प्रियंका पुन्हा बाहेर आली आणि घाडीगावकरांचा स्टीलचा डबा तिच्या हातात दिला. धुतलेला, रिकामा. "हा आमच्याकडे राहिला होता."

सोमवारी प्रेमा दहालाच देवेशच्या केबिनमध्ये गेली. वहीच्या पानावर तिने मराठीत दीड पान लिहिलं होतं, जूनपासूनचं सगळं. देवेशने वाचलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, वेड लागलंय काय तुम्हाला? हे दिलंत तर तुमची वाट लागेल. आणि माझीही. मी कधी म्हटलं फोटो बदला?"

"तसं नाही म्हणालात. मॅनेज करा म्हणालात."

"मॅनेज करा म्हणजे..." देवेश थांबला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "त्या पोरीला मी दुसरीकडे कुठेतरी चिकटवतो. ओळख आहे माझी. पत्र फाडा."

क्षणभर प्रेमाला ते पटलं. हे कोणाला सांगू नये इतकं लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. डोंगर चढून उतरून आल्यावरही, कोणी सोपी वाट दाखवली की तिचं मन तिकडेच धावलं. मग तिला तो पाटावर बसलेला माणूस आठवला, मुलीला दवाखान्यात दाखवू का विचारणारा. तिने पान परत घेतलं आणि घडी करून मुठीत धरलं.

अकरा वाजता अक्षता मॅडमसमोर तिने ते ठेवलं. मॅडमनी वाचलं. "याला पुरावा काय?"

प्रेमाने मोबाईल काढला. एकदा, चौथ्या दिवशी, घाईत तिने तोंड बदलायच्या आधीच फोटो काढला होता, मग दुसरा काढून तो पाठवला. पहिला मोबाईलमध्येच राहिला होता. प्रियंका हिवराळे, लाल. सहा वाजून बावन्न मिनिटं. त्याच्या पुढचा, सहा त्रेपन्न, हिरवा.

मॅडम दोन्ही फोटो मागे-पुढे सरकवून बघत राहिल्या. मग त्यांनी लॅपटॉपवर मुलुंडचा बोर्ड उघडला, बोरिवलीचा, घाटकोपरचा. सगळे हिरवे. पाच महिने त्या हे फोटो मीटिंगमध्ये दाखवत आल्या होत्या. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ उघडला नाही.

प्रियंका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होती. ती प्रेमाकडे बघत नव्हती, आणि जिंकल्यासारखीही दिसत नव्हती. "मॅडम," ती म्हणाली, "स्टिकरची चूक माझीच आहे. ती तशीच लिहा. बाकीचं तेवढं काढा."

आठ दिवसांनी निकाल आला. प्रियंकाला कामावर परत घेतलं, चुकीबद्दल ताकीद दिली आणि खोटं बोलल्याचा शेरा पुसला. देवेशला काही झालं नाही, त्याला समज दिली असं म्हणतात. बोर्ड "सुधारणेसाठी" उतरवला, भिंतीवर चार खिळे राहिले. प्रेमाचं इनचार्जपण गेलं. रतन इनचार्ज झाला. प्रेमाला काढलं नाही, कारण तिच्याएवढं रक्त ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं. तिला रिसीव्हिंगच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं.

रतन पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, हिंमत केलीत हां तुम्ही. झकास." प्रेमाने मान खाली घातली. तिला त्याचं हे बोलणं शिवीसारखं लागलं. हिंमत शुक्रवारी लागली असती, केबिनमध्ये, पोरगी तोंडाकडे बघत असताना. तेव्हा ती कुठे होती.

आता दोघी शेजारी बसतात. मध्ये दीड हात टेबल. प्रियंका कामाचं सगळं बोलते, स्पष्ट बोलते, कुठे अडवत नाही. जेवायला वेळेवर उठते. मेट्रोत ती पुढच्या डब्यात चढते. घाटकोपरला बसताना प्रेमा आता शेजारी पिशवी ठेवत नाही.

नोव्हेंबरच्या एका सकाळी खिडकी जरा मोकळी होती. प्रेमाने हातातलं स्टिकर नावाशी दोनदा ताडून पाहिलं, चिकटवलं आणि हळूच म्हणाली, "प्रियंका, मी तुला तेव्हा..."

"ताई," प्रियंका पुढची ट्यूब उजेडात धरून म्हणाली, "नको. कामाचं बोला."

"बरं," प्रेमा म्हणाली.

चेंबूरच्या पिशवीतला बर्फ वितळला होता. टेबलावर पाणी पसरत प्रियंकाच्या कागदांकडे निघालं होतं. प्रेमाने उठून कागद वर उचलून ठेवले, खिळ्याला टांगलेलं फडकं काढलं आणि टेबल पुसायला घेतलं.